रेवणनाथांचा शब्द

“...आणि समजा तिन्ही जमत असतील, तर माणसानं निवडायचं कशावरून?”

परागनं प्रश्न संपवला आणि उत्तराची वाट पाहत बसला.

समोर मठाच्या प्रमुख केशरमाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

पराग देवरे सटाण्याकडचा. शाळेपासून पहिला. इंजिनियर झाला, बंगळूरला मोठ्या पगारावर लागला आणि वर्षभरात सोडून आला. मग स्पर्धा परीक्षेला बसला, तीही पास झाला. आता सरकारी नोकरीत रुजू होण्याचं बोलावणं आलं होतं. शिवाय त्याच्या चुलत्यांची, नानांची, शिक्षणसंस्था होती आणि तिथलीही एक खुर्ची त्याच्यासाठी राखून ठेवलेली होती.

जे हाती घेई ते त्याला मिळे. मिळालं की त्यातली गोडी जाई. हे त्यानं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आईनं बळेच पाठवलं म्हणून तो सातपुड्याच्या पायथ्याशी, अनेर नदीच्या काठावरच्या या नाथपंथी मठात आला होता.

माईंनी शेवटची शेंग सोलली.

“ते सगळं मिळालं, तेव्हा आनंद कुणाला झाला?”

“सगळ्यांना.”

“तुला?”

“त्यांचा पाहून...” पराग थांबला. “मलाही झाला.”

माईंनी सूप उचललं आणि त्या स्वयंपाकघराकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, थोडे दिवस राहा इथं. वाटेल ते कर.

त्याच दिवशी त्यांनी मठातल्या मंडळींना बजावलं, की हा पोरगा जे करील त्याला कुणी चांगलं म्हणायचं नाही आणि वाईटही म्हणायचं नाही.

परागला याचा पत्ता नव्हता. त्यानं पहिल्याच सकाळी विहिरीवरचा बंद पडलेला पंप दुरुस्त केला. ओढ्याचं पाणी भाजीच्या वाफ्यापर्यंत आणलं. संध्याकाळी ओसरीवर बसून गावकऱ्यांपुढे प्रवचन केलं आणि ते उत्तम झालं, हे त्याचं त्यालाच कळलं. जवळच्या पाड्यावरच्या पोरांना इंग्रजी शिकवायला लागला.

लोक पंपाचं पाणी भरून निघून जात. प्रवचन ऐकून उठून जात. जेवताना तो सगळ्यांच्या तोंडाकडे पाही. कुणी काही बोलत नसे.

आधी प्रवचन बंद झालं. मग वाफ्याकडे जाणं. पुढे पोरांचा वर्गही. त्याचं त्याला वाईट वाटलं, पण सोडला.

एका सकाळी तो माईंसमोर येऊन उभा राहिला.

“इथं मला काहीच करावंसं वाटत नाही. मी असाच आहे का, माई? कुणी वाहवा केली तरच चालणारा?”

माईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“आत्ता तरी... तसाच दिसतोयस.”

त्याला ते लागलं. त्यानं नानांना फोन केला आणि न्यायला या म्हणून सांगितलं. नानांना आनंदच झाला. रुजू होण्याची मुदत जवळ आली होती. हातातली कामं आटोपली की दोन-तीन आठवड्यांत गाडी घेऊन येतो, म्हणाले.

मठात रेवणनाथ म्हणून एक म्हातारे साधू होते. पराग येण्याआधी, हिवाळ्यात, त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. समजे सगळं, पण मनातला शब्द तोंडाशी येत नसे. ‘पाणी’ म्हणायचं असलं की ‘खांब’ बाहेर पडे. मग ते स्वतःवरच चिडत आणि भिंतीकडे तोंड करून पडत. जेवण तर निम्मंच होई. उरलेलं ताट ते डाव्या हातानं लोटून देत.

करायला काही नव्हतं, म्हणून पराग दुपारचा त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसू लागला.

एका संध्याकाळी आरती चालली होती. परागचं लक्ष सहज म्हाताऱ्याच्या ओठांकडे गेलं. रेवणनाथ म्हणत होते. शब्दन् शब्द, स्वच्छ.

आरती थांबली आणि पुन्हा तोंडून खांब, दोर, असलं काहीबाही येऊ लागलं.

त्या रात्री परागला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं आरतीच्या चालीवर नुसतं ‘पाणी’ बसवलं. तो गुणगुणायचा आणि म्हाताऱ्याच्या तळहातावर बोटांनी ठेका धरायचा. पहिल्यांदा काही जमलं नाही. मग ‘पा’ आला. काही दिवसांनी ‘णी’ आला.

मग ‘दुखतंय’. मग ‘ऊन’. कुठला शब्द चालीत कसा बसेल, याचा विचार करतच तो सकाळी उठे. दुपार कधी कलली हे कळत नसे. पण कुणी विचारलं असतं, तर आपण इथं रिकामे बसलोय असंच त्यानं सांगितलं असतं. हे काम आहे, असं त्याच्या मनातही नव्हतं.

नाना आले ते ऐन जेवणाच्या वेळी. परागची बॅग गाडीत गेली. माईंच्या पाया पडून झालं. निघताना तो रेवणनाथांचा निरोप घ्यायला आत गेला.

म्हाताऱ्यानं नुकतंच ताट लोटलं होतं. पराग वाकला तसं त्यांनी त्याचं मनगट धरलं. त्यांना काही सांगायचं होतं.

“खांब,” रेवणनाथ म्हणाले आणि मान जोरात हलवली. नाही, नाही.

पराग खाटेवर टेकला.

बाहेरून नानांनी हाक मारली. मग ते दारातच येऊन उभे राहिले आणि रस्ता लांबचा आहे, उशीर होतोय, म्हणू लागले. परागनं त्यांच्याकडे न बघता नुसता हात वर केला. थांबा.

तो गुणगुणू लागला. तळहातावर ठेका धरला. रेवणनाथांचा घाम निघाला. एक चुकीचा शब्द आला, दुसरा आला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. परागनं चाल आणखी संथ केली.

“मी...” म्हातारा म्हणाला. “मी...”

पराग गुणगुणत राहिला.

“मीठ.”

“मीठ नाही.”

स्वयंपाक करणाऱ्या राधाबाई ताट उचलायला आल्या होत्या. त्या तिथंच थबकल्या. आजारी माणसाला अळणी बरं, म्हणून हिवाळ्यापासून त्या रेवणनाथांचं जेवण वेगळं काढत होत्या. त्यांनी मीठ आणून वाढलं. रेवणनाथांनी ताट पुन्हा ओढून घेतलं आणि शेवटच्या शितापर्यंत जेवले.

पराग ते जेवेपर्यंत बसून राहिला. मग उठला, बाहेर गेला आणि गाडीतून आपली बॅग काढली.

नानांना त्यानं सांगितलं, की तो रुजू होणार नाही. गेलेली वाचा परत आणायचं शिक्षण शहरात मिळतं, ते तो घेणार. नानांनी परोपरीनं समजावलं. या पदासाठी लोक जन्म घालवतात, म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार, तेही पोरासोरांच्या वर्गात बसून? आईला काय सांगू? आईला मीच सांगेन, एवढंच पराग म्हणाला. नाना दार आपटून गाडीत बसले आणि निघून गेले.

धूळ खाली बसली तेव्हा परागला भीती वाटली. तो माईंकडे आला. त्या अंगणात उभ्या होत्या.

“माई, आजवर जे जे मिळालं, ते पुढे नकोसं झालं. उद्या हेही नकोसं झालं तर?”

माईंनी गाडी गेली त्या रस्त्याकडे बोट केलं.

“गाडी दारात उभी होती आणि तू खाटेवर ठेका धरून बसला होतास,” त्या म्हणाल्या, “तेव्हा कुठे गेला होता हा प्रश्न?”