कोथळवाडीच्या गल्लीचे वाकण

कोथळवाडीची मुख्य गल्ली देवळापासून सरळ येते आणि कुंभारांच्या घरांपाशी एकाएकी वाकते. तिथे ना झाड, ना विहीर. परातीएवढी मोकळी जमीन आणि तिच्यावर मातीचे एक बोळके, एवढेच. पाहुण्यांनी कारण विचारले की म्हातारे हैबतीबुवा कुंभार समोरच्या डोंगरातली घळ दाखवतात आणि सांगू लागतात.

फार मागे म्हणे पेंढारी आले. सारा गाव घळीत लपला. खाली पेंढाऱ्यांचा तळ पडला आणि वर चाळीस माणसे चार महिने अडकली. ताठ उभे राहिले की डोके छताला लागे. बोलायचे ते कुजबुजत. मूल रडले की आईचा हात त्याच्या तोंडावर. त्यांच्यात येसू नावाची आठ वर्षांची मुलगी होती. ती मुळातच अबोल, म्हणून तिला कोणाला गप्प करावे लागले नाही. फटीतून आलेला उजेडाचा पट्टा जमिनीवर कसा सरकतो, ते ती दिवसभर बघत बसे.

एकदा तिचा धाकटा भाऊ खडकावर थोपटून म्हणाला, "आपलं घर." त्याला दुसरे घर आठवतच नव्हते. येसूची नजर उजेडाच्या पट्ट्यावरून त्याच्याकडे वळली.

म्हाळसा कुंभारणीनेही ते ऐकले. पळताना तिने धान्याऐवजी मळलेल्या मातीचा गोळा ओल्या फडक्यात बांधून आणला होता. "दाणे सोडून चिखल आणलास, म्हातारे. आता त्याच्याच भाकरी थाप," असे टोमणे ती रोज ऐकत होती. तिने मुलांना उजेडात बसवले आणि तो गोळा त्यांच्यापुढे ठेवला. "गाव करा," ती म्हणाली, "पण घर कुणी बांधलं, दारात कुठला सण होतो, हे सांगितल्याबिगर ते खाली ठेवायचं न्हाई."

मुले करू लागली. पण उजेड यायचा तिथेच छतातून पाणी ठिबकायचे आणि रोज गल्लीचा चिखल व्हायचा. शेवटी येसूने गल्ली वळवून घेतली आणि थेंबाखाली बोटभर बोळके ठेवले.

"गल्ली सरळ हुती गं," म्हाळसा म्हणाली.

"पाणी पडतंय," येसू पुटपुटली. "माणसं भिजतील."

म्हातारी हसली. तिने गल्ली तशीच राहू दिली. पेंढारी जाण्याआधीच ती घळीत वारली, असे सांगतात.

माणसे खाली उतरली तेव्हा गावाची राख झाली होती. घर कोणाचे कुठे, यावरून भांडणे लागली. ज्याचे-त्याचे अंगण आठवणीत मोठे झाले होते. तेवढ्यात येसूचा भाऊ तिचे बोट सोडून राखेतून चालत गेला आणि एका जळक्या खोडामागे उभा राहिला. "आपलं घर," तो म्हणाला. "चिंचेच्या मागं. आज्ज्यानं बांधलेलं."

घळीतल्या मातीच्या गावात ते घर तिथेच होते. मग सगळे पुन्हा घळीत चढले आणि मातीचे गाव बघून खालचे गाव आखले. वाकणापाशी कोणीतरी दोरी सरळ धरली. तेव्हा येसू चार महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने बोलली.

"तिथं पाणी पडतंय."

दोरी वाकली.

आजही दरवर्षी शाळेतली मुले त्या घळीत बसून मातीचे गाव करतात. घर कोणाचे, सण कुठला, ते कुजबुजत सांगतात. छतातला थेंब केव्हाच आटला. तरी गल्ली ती वाकवूनच घेतात. आणि ऐकता ऐकता एखादा पाहुणा वाकणावरून सरळ चालू लागला, तर हैबतीबुवा त्याचा दंड धरतात.

"हिकडनं या," ते म्हणतात. "भिजाल."