सुतारपक्ष्यांची जाहीर सभा

डॉक्टरांनी मुक्ताच्या दुखऱ्या कानात न बघताच औषध लिहून दिलं. ते द्यावं की नाही, या काळजीने मला रात्रभर झोप नव्हती. सकाळी तिला एक गोष्ट सांगितली. जमली की नाही, देव जाणे.

फार पूर्वी सुतारपक्षी झाडांचे डॉक्टर होते. चांगला डॉक्टर कसा असावा, याचे नियम सगळ्यांना विचारून ठरवायला त्यांनी डोंगरमाथ्यावर सभा बोलावली. पोपट आले, कावळे आले. कुणाचीच तक्रार नव्हती. नियम मंजूर!

पायथ्याची चिंच भडकली. "आजारी पडतो आम्ही, आणि विचारता पोपटांना? माझ्या पोराच्या चांगल्या खोडाला भोकं पाडलीत. कुठे दुखतंय, एवढं तरी विचारलंत त्याला?"

म्हातारा सुतारपक्षी तिच्या फांदीवर येऊन बसला. "बाई, सभा सगळ्यांना खुली होती. तुम्हीच आला नाहीत."

"मुळं उपटून येऊ?" चिंच अशी गदागदा हलली, की तो धपकन खाली पडला. "आता इथेच बसा, आणि ऐका!"

मुक्ता कानावर हात धरून म्हणाली, "आई, आज डॉक्टरांकडे तूपण तशीच हल."