बिनवासाचा गंधी

"मग मरणाला बाळ सापडतं तरी कशावरून?"

सोमिलेनं हे विचारलं तेव्हा तिचे डोळे जागरणानं तांबारले होते. याच प्रश्नानं तिची झोप उडवली होती. शेजारच्या धनसिरीचं गुटगुटीत पोर तापात गेलं, तेव्हापासून ती रात्रभर आपल्या दोन-अडीच वर्षांच्या फग्गूच्या नाकाखाली बोट धरून बसायची. श्वास लागला की हायसं वाटायचं. मग वाटायचं, भास तर नाही झाला? पुन्हा बोट. शेवटी फग्गू शिंकायची आणि भोकाड पसरून उठायची.

"पोरगी ठणठणीत आहे," नवरा कुशीवर वळत म्हणायचा. "पण तू अशीच जागवलीस, तर तिला दुसरं दुखणं नको."

सोमिला दरबारातल्या लेखनिकाची मुलगी. लिहिता-वाचता येणारी. सासूची तीट, काळा दोरा, ओव्याची धुरी, या सगळ्याला ती मनातून हसायची. हसायची आणि सगळं करायची. न जाणो, आपलंच शहाणपण कच्चं निघालं तर?

आणि आज ती प्रतिष्ठान नगरीच्या यवनगल्लीत, परदेशी गंध्याच्या दुकानात, मागच्या पडद्याआड बसली होती. खांद्यावर फग्गू झोपलेली.

पडद्याच्या पुढे उटणी आणि सुगंधी तेलं मिळत. राणीवशात जात. पडद्याच्या मागे काय मिळतं, हे बायका पाणवठ्यावर नुसते ओठ हलवून सांगत. कारण राजाचा हुकूम होता, चेटूक करणाऱ्याचे हात तोडावेत.

गंधी म्हातारा होता. समुद्रापलीकडचा. नाव हेर्माय. खलात मध घालून काहीबाही घोटत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"वासावरून," तो म्हणाला.

"काय?"

"मरणाला डोळे नसतात, मुली. ते हुंगत येतं."

सोमिलेच्या अंगावर काटा आला. घरी कुणी असं बोललं असतं तर तिनं त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सुनावल्या असत्या.

"तुम्ही लोक न्हाऊ घातल्यावर पोरांना धुरी देता ना?"

"रोज."

"ती लपवायलाच. पण धूर विरतो. टाळूचा वास राहतो."

"तुमच्याकडे न विरणारं काही आहे म्हणे, बाबा."

"कोण म्हणे?"

"पाणवठ्यावर म्हणतात."

"पाणवठ्यावर तर मी पोरं खातो असंही म्हणतात."

"म्हणतात," सोमिला म्हणाली. "मी निम्म्यावरच विश्वास ठेवला."

"कुठल्या निम्म्यावर?"

ते तिचं तिलाही अजून ठरवता आलं नव्हतं.

हेर्मायनं फळीवरून एक काळी कुपी काढली. बोटाच्या पेराएवढी.

"एक थेंब. टाळूवर. मग मरण उंबऱ्यापर्यंत येईल, हुंगेल आणि आल्या पावली परत जाईल."

"आणि याचं मोल?"

"मी मोल घेत नाही."

"फुकट कोण देतं?"

"घेत नाही म्हणालो. पडत नाही असं नाही म्हणालो."

"कोडी घालू नका, बाबा. मी लेखनिकाची मुलगी आहे. स्वच्छ सांगा."

त्यानं हात पुढे केला.

"हुंग."

सोमिला वाकली. जन्मभर चंदनात आणि कस्तुरीत घोळलेला हात. त्याला वास नव्हता. कस्तुरीचा नाही, घामाचा नाही, नुसत्या कातडीचासुद्धा नाही. डोळे मिटले असते तर समोर हात आहे हे तिला कळलंच नसतं.

त्यानं बोटं चंदनतेलाच्या वाटीत बुडवली. पुन्हा पुढे केली.

काही नाही...

तिनं वाटी नाकाशी नेली. आता वाटीतल्या चंदनालाही वास उरला नव्हता.

खलाभोवती माश्या घोंघावत होत्या. गंध्याच्या मधानं माखलेल्या मनगटावर एकही बसत नव्हती.

"हे... कुणी केलं?"

"माझ्या आईनं. तीही झोपत नसे."

बाहेर कुणी भारवाहू बैलांना शिव्या घालत गेलं. आवाज दूर जाईपर्यंत दोघंही थांबली.

"माझ्या आधीची तिची लेकरं गेली होती. म्हणून तिनं माझ्या टाळूवर थेंब लावून घेतला. मग गावात साथ आली. आमची गल्ली ओस पडली. मी उरलो."

"मग चांगलंच झालं की!"

"संध्याकाळी आई हाका मारत आली. मी दारातच बसलो होतो. तिनं मला ओलांडलं आणि दिवा घेऊन पुढे गेली."

"दिसला नाहीत तिला?"

"दिसलो. ओळखलं नाही."

"आईनं?"

"मरेपर्यंत ती मला शोधत फिरली. पुढे तिची नजर गेली, तेव्हा मीच तिचा हात धरून चालायचो. म्हणायची, भला पोर आहेस. तुझी आई भाग्यवान."

सोमिलेनं फग्गूला घट्ट धरलं. फग्गू झोपेतच कुरकुरली.

"इथं... कुणाला लावलात?"

"मागायला आल्या त्यांना."

"ती मुलं कुठं आहेत?"

"आहेत. जिवंत आहेत."

"आणि त्यांच्या आया?"

गंध्यानं मान वाकडी करून गोदावरीकडे कान दिला.

ऊन उतरलं होतं. घाटावर बायका हाका मारत होत्या. रोजच मारत. सोमिलेला आजवर वाटत आलं होतं, गाई परतवत असतील. आज तिनं नीट ऐकलं.

ती गाईंची नावं नव्हती.

"कळूनसवरून देता कसा हो हा थेंब?" तिचा आवाज चिरकला.

"मी आधी सगळं सांगतो. तुला सांगितलं तसं. सगळं ऐकून मागतात."

कुणीही शहाणी बाई एव्हाना उठली असती. हे सोमिलेला कळत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढून धनसिरीच्या घरातला तो पाळणा हलेना. रिकामा, तरीही सवयीनं झोका दिला जाणारा.

"मी तिला ओळखणार नाही," ती हळूहळू, हिशेब जुळवावा तसं म्हणाली. "पण ती असेल. कुठं तरी जेवेल, खेळेल, मोठी होईल... असेल ना?"

"असेल."

"तर मग लावा."

आपणच बोललो की आणखी कुणी, तिला कळेना.

गंध्यानं कुपीत हस्तिदंती काडी बुडवली. टोकाला काळा थेंब लोंबत राहिला. सोमिलेनं फग्गूच्या टाळूवरचे केस बाजूला केले. आणि केस बाजूला केले की जे ती रोज करायची, तेच तिच्याकडून झालं. तिनं तिथं नाक टेकवलं.

तेल. ओवा. घाम. जरासं आंबूस दूध.

"डोकं बाजूला घे, मुली."

"घेते."

तिनं घेतलं नाही.

"थेंब गळेल."

"घेते म्हटलं ना!"

"घे मग."

"नाही घेत," सोमिला टाळूवरच पुटपुटली. ती रडायला लागली होती. "शोध म्हणावं त्याला हुंगत. मीपण हुंगतेय."

या गडबडीत फग्गू जागी झाली. मुठीनं डोळे चोळत तिनं समोर पाहिलं. पांढरी दाढी, सुरकुतलेला चेहरा, कोरडे ठक्क डोळे, पुढे आलेली काडी. आता ही किंचाळणार, असं सोमिलेला वाटलं.

फग्गू घाबरली नाही. ती म्हाताऱ्याकडे पाहतच राहिली.

गंध्याचा हात खाली आला. थेंब धुपाटण्यातल्या राखेत पडला.

फग्गूनं आईच्या गळ्यातली माळ ओढली.

"आई, हे बाळ कधीचं रडतंय. घे ना त्याला."