कडू औषध कोणाला?

बँका बुडाल्या, कारखान्यांना टाळं लागू लागलं, आणि नेमकी तेव्हाच राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. बँकमालक रणधीरराव उमेदवार. कापड गिरणीच्या दारात ते गरजले, "देश आजारी आहे! पगारकपातीचं कडू औषध प्यायलाच हवं!"

हेच भाषण ते गावोगाव ठोकत होते. म्हणून समाजवाद्यांच्या उमेदवार यमुताई तयारीनं आल्या होत्या. त्यांनी कडुनिंबाच्या काढ्यानं भरलेला पेला पुढे केला. "घ्या, तुमच्यापासूनच सुरुवात."

रणधीरराव मागे सरले. "मला कशाला? मी ठणठणीत आहे!"

"हे कामगारही ठणठणीतच आहेत की! आजारी पडली तुमची बँक. मग काढा यांच्या घशात का ओतता?"

"पाजा त्यांनाच!" गर्दी ओरडली. तोवर रणधीरराव गाडीत बसलेसुद्धा होते.