फळ्यावरचं वाक्य

कर्णपूर संस्थानच्या शाळेत सबनीस मास्तर सातवीला इतिहास शिकवत होते. त्यांनी परदेशातल्या एका जुन्या क्रांतिपत्रकातलं वाक्य फळ्यावर लिहिलं होतं: ‘जी सत्ता शब्दांना भिते, तिचा पाया कच्चा असतो.’ लेखक वाचकाचं मन कसं वळवतो, हे मुलांनी सांगायचं होतं.

एवढ्यात दिवाणसाहेब तपासणीला आले आणि वाक्य वाचताच कडाडले, “हा राजद्रोह आहे! मास्तर, पुसा ते, नाहीतर नोकरीवर पाणी सोडा.”

मास्तर जागचे हलले नाहीत. तेव्हा द्वारका मोहिते नावाची मुलगी उभी राहिली.

“साहेब, हे वाक्य आपल्या दरबाराला लागू पडत नाही, असं मला वाटतं.”

दिवाणसाहेब खुलले. “शाबास! पुरावा काय?”

“पुरावा आपल्याच हातात आहे, साहेब. वाक्य फळ्यावर राहिलं तर माझं म्हणणं खरं. पुसलं, तर लेखकाचं.”

दिवाणसाहेबांचा मिशीवरचा हात खाली आला. “राहू दे,” असं पुटपुटून ते निघून गेले.

मास्तर वर्गाकडे वळले. “चला, वाक्य उतरवून घ्या,” ते म्हणाले, आणि सगळ्या वर्गाचे टाक एकदम दौतीत बुडाले.