मागे राहील त्याची बाग

सूर्य उगवून बरोबर दोन घटका आणि पाच पळं झाली होती, तेव्हा कुसावलीच्या राजानं विड्यासाठी डबा उघडला, तर आत सुपारीचं एक खांडही नव्हतं.

विड्याशिवाय राजाचा दिवस सुरूच होत नसे. त्यानं कोठीवाल्याला बोलावलं. कोठीवाल्यानं सांगितलं की गावात सुपारी कुणाकडेच नाही. कुसावलीची रीतच तशी होती. पहिला घोस ग्रामदेवीला वाहिल्याशिवाय कुणी पोफळीला हात लावायचा नाही, आणि तो घोस देवीच्या बागेच्या मालकानं स्वतः झाडावर चढून उतरवायचा. यंदा मालक चढायलाच तयार नव्हते.

"का चढत नाहीत?"

"महाराज, त्यांना एकमेकांच्या आधी मरायचं नाही."

राजा तसाच उठला आणि बागेत गेला.

बागेचे मालक दोन, अंतोबा आणि गणोबा. सख्खे भाऊ, दोघंही साठी ओलांडलेले. ते तरणे होते तेव्हा राजाच्या आजोबांनी ही बाग त्यांना जोडीनं दिली होती. सनदेत लिहिलं होतं की बाग दोघांची मिळून. एक गेला तर त्याचा वाटा त्याच्या मुलांकडे जायचा नाही, जो भाऊ मागे राहील त्याची सगळी बाग. इतकी वर्षं कुणी त्याचा विचारही केला नाही. पण गेल्या वर्षी गणोबाला ताप आला, आणि तापातून उठल्यावर त्यानं सनद पुन्हा वाचून घेतली. झालं! त्या दिवसापासून दोघांनी मागे राहायचा ध्यास घेतला.

अंतोबानं काटा अडकेल म्हणून मासे सोडले. गणोबानं पडायला नको म्हणून बाज सोडली आणि जमिनीवर अंथरूण घातलं. अंतोबा कानात कापूस घालून, तीन घोंगड्या पांघरून भर उन्हात बसायचा. गणोबा भात इतका कालवायचा की घरातल्या तान्ह्या पोरालाही तो चालला असता. आणि प्रेम तर काय सांगावं! हा त्याला आग्रहानं तळलेले वडे पाठवायचा, तो ह्याला नदीवर गार पाण्यानं अंघोळ करायला सुचवायचा. पहाटे एकजण खोकला की दुसरा लगेच कुडापलीकडून विचारायचा, "वाढलाय का रे?"

राजानं चढायचा हुकूम केला. अंतोबा म्हणाला, आधी गणोबानं चढावं. गणोबा म्हणाला, मोठ्या भावाचा मान मी कसा घेऊ?

राजाचं डोकं तापलं. दिवस माथ्यावर यायच्या आत दोघंही झाडावर दिसले पाहिजेत, नाहीतर बाग सरकारजमा आणि दोन्ही घरं बागेबाहेर, असं त्यानं बजावलं. वर अटीही घातल्या. कुणी त्यांना उचलायचं नाही, दरडावायचं नाही आणि आजोबांच्या सनदेतलं एक अक्षरही पुसायचं नाही.

अंतोबाची सून द्वारका तेवढी पुढे आली. कडेवर सहा महिन्यांचं पोर, त्याची टाळू झाकलेली, नाक पुसलेलं. घर गेलं तर ह्याला घेऊन कुठे जायचं, वारा लागला तर, दूध कुठून आणायचं, असं सगळं तिच्या मनात एकदम येऊन गेलं होतं. पण आवाज ठाम होता.

"महाराज, पुसायचं नाही. पण खाली एक ओळ लिहिलेली चालेल?"

"कसली ओळ?"

"जो मागे राहील त्याची बाग, इथपर्यंत आजोबांनी लिहिलंय. पण तोही कधीतरी जाणारच ना? त्याच्यानंतर बाग कुणाची, ते लिहायचं राहून गेलंय."

कारकुनानं सनद उलटीसुलटी करून पाहिली. खरंच राहून गेलं होतं. प्रत्येकजण आपल्याच मुलांची म्हणून धरून चालला होता, इतकंच. द्वारकेनं ओळ सांगितली, राजानं मान डोलावली, आणि कारकुनानं ती मोठ्यानं वाचली: "जो मागे राहील, त्याच्यानंतर बाग दुसऱ्या भावाच्या मुलांना."

दोन्ही म्हातारे बोटांवर हिशेब करू लागले. मी मागे राहिलो तर बाग शेवटी गणोबाच्या पोरांना. गणोबा मागे राहिला तर माझ्या पोरांना!

अंतोबा ताडकन उठला. अंगावरच्या तिन्ही घोंगड्या त्यानं भावावर टाकल्या.

"गण्या, वाऱ्यात बसू नकोस, बाळा. तू सावलीत बस, मी चढतो."

"तू? ह्या वयात?" गणोबानं घोंगड्या परत त्याच्याच अंगावर फेकल्या. "दादा, तू शंभर वर्षं जगायचंस. बाजूला हो!"

आणि पायात काथ्याचा फास अडकवून तो चढलासुद्धा. अंतोबा कसला मागे राहतो! तो शेजारच्या पोफळीवर. एकजण शेंडा धरून झोका घेई आणि दुसऱ्या झाडावर जाई, दुसरा त्याच्याही पुढच्या. लहानपणी चढायचे तसे. खाली घोसांवर घोस पडू लागले, आणि वरून दोघंही एकमेकांना ओरडून सांगत होते, नीट धर, खाली बघू नकोस, पाय घट्ट दाब.

राजा मान वर करून पाहत राहिला. मग त्याला शंका आली.

"पोरी, आता पोरांच्या भल्यासाठी एखादा मुद्दाम हात सोडेल, मग?"

"दुसरा सोडू देईल तर ना, महाराज! कालपर्यंत प्रत्येकजण आपलाच जीव सांभाळत होता. आता बघा, भावाचाही सांभाळायला लागलाय."

राजा इतका हसला की त्याला पोफळीच्या बुंध्याला टेकावं लागलं. त्यानं द्वारकेला दुभती गाय दिली, वासरासकट, आणि गाईच्या चाऱ्यासाठी नदीकाठचं कुरणही दिलं. देवीला घोस गेला, गावभर सुपारी झाली, राजानं एकामागून एक तीन विडे खाल्ले.

म्हातारे मात्र अजून वरच आहेत. उतरताना पाय घसरायची भीती, म्हणून हा म्हणतो आधी तू सांभाळून उतर, तो म्हणतो छे, आधी तू. तेव्हा तुमच्यापैकी कुणी कुसावलीकडे निघालंच, तर त्या दोघांपर्यंत एवढा निरोप पोचवा: द्वारकेनं पानं वाढलीत, भात गार होतोय.