नळीतला आवाज

सायकली बोलायच्या त्या काळी शर्यतीच्या एका सायकलवर नियम होता: सीटखालच्या नळीत काय आहे, हे कधी विचारायचं नाही. नवी चेनही गप्प राहिली. पण घाटात स्वाराचे पाय पायडलवर नुसते टेकलेले असतानाही तिला कुणीतरी जोरात ओढत होतं. बरोबरीची जुनी सायकल कुरकुरत मागे पडली.

"हँडलआजोबा, नळीत मोटर आहे ना?" चेनने विचारलं.

"तुला काय करायचंय? जिंकतोय ना आपण!"

"चार दिवस झाले नाहीत येऊन, आणि जीभ बघा," सीटआत्या फणकारली.

"जिंकायला हवी ती मागची. मी नाही ओढणार," म्हणत चेन ऐन चढावर दात्यांवरून उतरली.

सायकल थांबली. नळीतली मोटर मात्र एकटीच घरघरत राहिली. रस्त्याकडेची माणसं कान देऊन जवळ आली आणि थेट सीटखालच्या नळीकडे बघू लागली.